दुपारची झोप सुटली का, ते संध्याकाळी सहाला बघायचं

प्रश्न वाचला. मुलगा सव्वादोन वर्षांचा, तीन आठवडे झाले दुपारी झोपायला तयार नाही, एक ते तीन नुसती थोपटाथोपटी आणि रडारड, मग सहाच्या सुमाराला सोफ्यावर नाहीतर स्कूटरवर पुढे उभ्या उभ्या पेंगतो, आणि रात्री साडेअकरापर्यंत टक्क जागा, सकाळी उठतो साडेआठला. सासूबाई म्हणतात न झोपणारं पोर वाळतं, मैत्रीण म्हणते तिच्या मुलाने दीड वर्षातच दुपारची झोप सोडली, आणि तुझं घरून काम, दोन ते चार ऑफिसचे कॉल. झोप सुटली असं समजू का जबरदस्तीने झोपवू, असं विचारतेस.

मी ठाण्यात पाळणाघर चालवते, वीस वर्षं होऊन गेली, दुपारी एका खोलीत सगळी पोरं आडवी करायची हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे जरा लांब लिहिणार आहे, कॉल संपल्यावर वाच. आणि तुला तू म्हणतेय, माझ्याकडच्या सगळ्या आयांना म्हणते तसंच.

सुटलेली नाहीये. अगदी सरळ सांगते. ज्या मुलाची दुपारची झोप खरंच सुटली ते मूल संध्याकाळी सहाला स्कूटरवर पेंगत नाही. ते सहाला खाली खेळायला जातं, पडलं तर रडतं आणि उठून परत पळतं, साडेसातला जेवतं आणि आठ-साडेआठला स्वतःच पांघरुणात शिरतं. आपण सगळ्या आया दुपारी काय झालं त्यावरून ठरवतो, झोपला म्हणजे जिंकलो, नाही झोपला म्हणजे सुटली झोप. पण दुपारचं मूल खोटं बोलतं गं! एक वाजता त्याला खेळायचं असतं, तू लॅपटॉपवर आहेस ते दिसत असतं, आजी कुकर लावतेय, सगळी मजा बाहेर चाललीय आणि मला एकट्याला अंधारात ढकलतायत, असा त्याचा हिशोब असतो. त्याच्या अंगाला झोप हवी आहे की नाही हे सहाला कळतं. डोळे तारवटलेत का, साध्या गोष्टीला, म्हणजे पोळीचा तुकडा मोडला म्हणून, भोकाड पसरतोय का, की उलट अंगात आल्यासारखा सोफ्यावरून उड्या मारतोय. हे शेवटचं लक्षात ठेव, कारण घरचे म्हणतात बघ किती एनर्जी आहे याला, कुठे झोप पाहिजे! दमलेलं मूल आपल्यासारखं सुस्तावत नाही, ते चेकाळतं.

आता हिशोब कर. अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये आकडे दिलेत आणि २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पण तेच दिले, एक ते दोन वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत ११ ते १४ तास झोप, तीनच्या पुढे १० ते १३ तास, दुपारची धरून. तुझा मुलगा अजून तीनचा झालेला नाही, म्हणजे त्याला पहिला आकडा लागू, निदान अकरा तास. रात्री साडेअकरा ते सकाळी साडेआठ झाले नऊ तास, संध्याकाळची ती डुलकी धरली तरी फार तर दहा. म्हणजे रोज तास-दीड तास कमी पडतोय आणि तीन आठवडे हेच चाललंय. तुझ्या मैत्रिणीच्या मुलाचं म्हणशील तर दोन वर्षांच्या आत दुपारची झोप खरोखर सोडणारी मुलं फारच थोडी असतात. दीड वर्षाला बहुतेकांची दोनपैकी एक झोप सुटते, सकाळची, आणि दुपारची एकच राहते, तिला तेच म्हणायचं असेल. बाकी बहुतेक मुलं तीन ते पाचच्या दरम्यान सोडतात. माझ्याकडे चार पूर्ण झालेली, सीनियर केजीचं दप्तर घेऊन येणारी आणि तरी दीडला ढाराढूर होणारी पण आहेत.

मग सव्वादोनला नाही का म्हणतो? या वयात नाही म्हणता येतं हा शोध लागलेला असतो, हे एक. बोलणं भराभर वाढत असतं, पडल्या पडल्या डोकं चालूच राहतं, माझ्याकडे एक मुलगी आहे ती गादीवर पडून सकाळपासूनचं सगळं स्वतःलाच सांगते, कावळा आला, पोळी नेली, आजी हाड म्हणाली. दुसरं, दोन ते तीनच्या मधे मागच्या मोठ्या दाढा येतात, तोंडात बोट घालून गाल चोळत असेल तर बघून घे. शी-शूचं ट्रेनिंग नुकतं सुरू केलं असेल, नवीन प्लेग्रुप असेल, घरात दुसऱ्या बाळाची बातमी असेल, किंवा अगदी साधं म्हणजे पूर्वी साडीच्या झोळीत झोपत होता आणि आता पाय बाहेर यायला लागले म्हणून झोळी सोडली, तर सपाट गादीवर झोप लागायची त्याला सवयच नाहीये, ती नव्याने लावायला लागते. यातलं काही असेल तर दोन-चार आठवड्यांत बहुतेक वेळा निवळतं, फक्त त्या काळात आपण झोप सुटली असं जाहीर करून टाकायचं नाही. रोज वेळेवर आडवं करायचं, झोपला तर झोपला.

पण तुझ्याकडे मला मोठं कारण वेगळंच दिसतंय, ते सकाळचं आहे. साडेआठला उठतो आणि तू त्याला एकला झोपवतेस. साडेचार तास झाले फक्त. या वयाचं मूल साधारण पाच-सहा तास जागं राहिलं की त्याच्या अंगात झोप साठते, आणि जेवणानंतर शरीरच थोडं मंदावतं, या दोन गोष्टी एकत्र आल्या की ते पटकन झोपतं. तुझ्याकडे एकला झोप साठलेलीच नसते. तीन वाजेपर्यंत तुम्ही दोघं भांडता, आणि खरी झोप यायची वेळ त्या भांडणातच निघून जाते, तोवर तू कंटाळून सोडून दिलेलं असतं, टीव्ही लावलेला असतो. मग चार-साडेचार कसेबसे निघतात, सहाला तो कोसळतो, तासभर झोपतो, आणि त्या तासाने रात्रीची झोप अकराच्या पुढे ढकलली जाते, म्हणून सकाळी साडेआठ. असं ते गोल गोल फिरतंय. हे चक्र दुपारी तुटत नाही, सगळ्यांचा जोर दुपारवर असतो आणि तिथे हात काही लागत नाही. तोडायचं सकाळी.

सात, फार तर सव्वासात. कितीही वाजता झोपला असेल तरी. पडदे उघडायचे, पंखा कमी करायचा, बाल्कनीत किंवा खिडकीत उजेडात घेऊन बसायचं, दूध तिथेच द्यायचं. पहिले दोन-तीन दिवस तुझी दया येईल सगळ्यांना आणि त्याची दया तुला, झोपू दे ना बिचाऱ्याला असं घरात कोणीतरी म्हणेलच. ते ऐकायचं नाही. सकाळी घराबाहेर एक चक्कर पाहिजेच, उन्हात, पायांनी, कडेवर नाही. भाजी आणायला ने, सोसायटीत मांजराच्या मागे फिरू दे, बादलीत पाणी देऊन भांडी घासायला बसव. आमच्याकडे पावसाळ्यात सलग चार दिवस अंगणात जाता आलं नाही की पाचव्या दिवशी दुपारची खोली नुसती बाजार असते, तेव्हा हे मी पुस्तकातून सांगत नाहीये.

बाराला जेवण. वरणभात तूप लिंबू, दहीभात, खिचडी, जे काही मऊ आणि पोटभर असेल ते. साडेबाराला हातपाय तोंड धुणं, शू, कपडे सैल. मग खोली. पडदे ओढलेले, पंखा लावलेला, तो घुंघुं आवाज कामाचा असतो, बाहेरचा कुकर आणि बेल त्यात बुडतात. बेलचं बटण दुपारी बंदच करून टाक, पार्सलवाल्यांना दाराबाहेर ठेवा म्हणून सांग, कारण नेमकी डोळा लागताना बेल वाजते हा माझ्या माहितीतला एकमेव नियम आहे ज्याला अपवाद नाही. रोज तीच जागा, तीच गोधडी, एक गोष्ट, एक गाणं, तेच तेच. आई लोकांना कंटाळा येतो एकच गाणं म्हणायचा, मुलांना येत नाही. पाळणाघरात झोपतो आणि घरी नाही असं मला निम्म्या आया सांगतात, त्याचं कारण माझ्या हाताला काही जादू नाही, आमच्याकडे साडेबाराला दिवे बंद होतात आणि सगळेच आडवे होतात, मीसुद्धा, कोणी काही मिस करत नाहीये हे त्यांना दिसतं. घरी तू त्याला थोपटताना दुसऱ्या हातात फोन बघत असशील तर तो का डोळे मिटेल सांग.

थोपटायचं कसं ते पण लिहिते, कोणी शिकवत नाही. सुरुवातीला त्याच्या चळवळीच्या वेगाने थोपटायचं, मग हळूहळू वेग कमी करायचा, मग नुसता हात पाठीवर जड ठेवायचा, मग हलका करायचा आणि काढून घ्यायचा. पूर्ण झोप लागेपर्यंत थोपटत राहिलीस तर मधे जाग आली की त्याला परत थोपटणारा हात लागतो, आणि मग वीस मिनिटांत उठून बसतो. आणि बघायचं त्याच्या पायांकडे, डोळ्यांकडे नाही. डोळे मिटून मुलं मस्त फसवतात. टाचा गादीवर आपटत असतात, अंगठा दुसऱ्या पायावर घासत असतो, गोधडीच्या कडेला बोटांनी चाळवत असतात, ते थांबलं की आता दोन-तीन मिनिटं. आमचा एक जण आहे, तो रोज मला झोप नाही येत असं म्हणत म्हणत माझ्या पदराचं टोक मुठीत धरतो आणि टाचा वाजवतो, त्याच्या टाचा थांबल्या की मुठ सुटते, त्या क्रमात कधी फरक नाही. तू जर पायांची चळवळ चालू असताना त्याला झोप झोप झोप डोळे मीट असं म्हणत राहिलीस तर पुन्हा पहिल्यापासून सुरू.

झोप हा शब्द काढूच नकोस मुळी, असं मी सांगते. झोपायचं नाही, पडायचं, पाठ टेकायची, पंखा बघायचा. झोपणं कोणाच्या हातात नसतं, तुझ्या नाही माझ्या नाही, त्या पोराच्या पण नाही. पडणं हातात असतं. त्यामुळे जबरदस्तीने झोपवू का या प्रश्नाचं उत्तर, झोपवता येतच नाही. पाय दाबून धरणं, बागुलबुवा येईल, पोलीसकाका नेतील, इंजेक्शनवाल्या डॉक्टरांना बोलावते, हे सगळं करून ते पोर त्या दिवशी झोपेल कदाचित, रडून रडून, पण उद्या खोलीत शिरतानाच रडेल. अंधारी खोली आणि बागुलबुवा एकदा डोक्यात जोडले गेले की रात्रीची झोप पण जाते, ती सोडवायला मग महिने लागतात.

वीस मिनिटं, जास्तीत जास्त अर्धा तास. तेवढ्यात नाही झोपला तर दोन तास कुस्ती खेळायची नाही. पण मग उठायचं आणि हॉलमधे टीव्हीसमोर असं पण नाही. इथे बहुतेक घरं चुकतात. दुपारी न झोपल्याचं बक्षीस कार्टून असेल तर ती झोप परत यायचा चान्सच नाही, तू असतीस तर झोपली असतीस का? दोनच्या खाली स्क्रीन नकोच आणि दोन ते पाचमधे दिवसाला तासाच्या आत, असं आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ पण सांगतात, तो तास द्यायचाच तर कुठे द्यायचा ते पुढे लिहिते.

न झोपलेल्या दुपारी खोलीतच राहायचं, पडदे तसेच, आवाज तसाच खालचा, फक्त खेळायला परवानगी. त्यासाठी एक डबा ठेव, जो फक्त दुपारी निघतो आणि साडेतीनला परत कपाटात जातो. खेळणी महागाची नकोत. चार स्टीलचे डबे आणि त्यांची झाकणं मिसळून, कपड्यांचे चिमटे आणि एक पुठ्ठा, जुनं कालनिर्णय, दोन जाड पानांची पुस्तकं, लाकडी ठोकळे, मोठे स्टिकर. मणी, राजमा, बटणं असलं काही नाही, तीनच्या आतली मुलं नाकात घालतात आणि गिळतात. दर आठवड्याला दोन वस्तू बदल, नाहीतर डब्याची किंमत जाते. पहिल्या दिवशी तो दहा मिनिटं रमेल, मग येईल बाहेर. शांतपणे आत नेऊन सोडायचं, गजर झाला की बाहेर, आणि गजर फोनवर नको, साधं स्वयंपाकघरातलं किल्लीचं घड्याळ घे, ते फिरताना त्याला दिसतं. दहाचे पंधरा, पंधराचे वीस, असं करत महिन्या-दीड महिन्यात पाऊण तासापर्यंत नेता येतं. दाराला कडी नाही लावायची, आणि खोलीत कपाट पडेल, सॉकेट उघडं, खिडकीला ग्रिल नाही असं काही असेल तर आधी ते बघून घे. गंमत म्हणजे या पाऊण तासात आठवड्यातून दोन-तीनदा तो डब्यावर डोकं ठेवून झोपलेला सापडेल.

झोपला तर किती झोपू द्यायचं? तू म्हणशील मिळतायत तर दोन-अडीच तास मिळू देत. नको. आत्ता तुझं गणित बिघडलेलं आहे तोपर्यंत दीड तास, आणि काही झालं तरी तीन-सव्वातीनला उठवायचं. उठवताना एकदम दिवा लावून हलवायचं नाही, पडदा सरकवायचा, दार उघडं टाकायचं, घरातले आवाज आत येऊ द्यायचे, कपाळावर हात. रडत उठला तर दहा मिनिटं नुसतं मांडीवर घेऊन बस, काही विचारू नकोस, पाणी पाहिजे दूध पाहिजे शू आली असं भडिमार केला की रडणं वाढतं.

आता संध्याकाळ, म्हणजे खरी लढाई. न झोपलेल्या दिवशी साडेचार ते साडेसहा हा धोक्याचा वेळ. त्या वेळात त्याला स्कूटरवर, रिक्षात, गाडीत, बाबागाडीत घालू नकोस, ही चाकं म्हणजे झोपेची गोळीच आहे. (आणि सव्वादोनचं मूल स्कूटरवर पुढे उभं करून पेंगतंय हे वाचून माझा जीव वर-खाली झाला, ते तसंही बंद कर बाई.) साडेचारला खायला दे, काहीतरी भरीव, लाडू, केळं, पोहे, धिरडं. चहा-बिस्किट नाही. आपल्याकडे आजी-आजोबांच्या कपातला चहा बशीत ओतून पोराला द्यायची पद्धत आहे, प्रेमाने देतात, पण चहाने झोप पण उशिरा लागते आणि अन्नातलं लोह पण नीट शोषलं जात नाही. मग पाचला अंघोळ किंवा नुसतं बाथरूममधे मग आणि डबे घेऊन पाण्यात खेळणं, पाण्याने मुलं तासभर तरतात. मग खाली मोकळ्या हवेत. तो स्क्रीनचा अर्धा तास द्यायचाच असेल तर इथे, साडेपाच-सहाला, तुझा स्वयंपाक होत असताना, जेवण आणि झोपेच्या आधीच्या तासात नाही. आणि एवढं करूनही सहाला लुढकला तर लुढकला. पंधरा-वीस मिनिटं झोपू दे, मग उठव. सोडून दिलास तर तास होतो आणि रात्रीचे साडेअकरा परत तुझ्या वाट्याला.

न झोपलेल्या दिवशी रात्रीची झोप तासभर लवकर. साडेसात-आठ. हे वाचून तू हसशील मला माहीत आहे, कारण आपल्या घरात साडेआठला बाबा येतात, नऊला सगळ्यांची जेवणं, त्यानंतर बाबा आणि पोराची मस्ती, तेवढाच त्याला वेळ मिळतो. ठाणे-डोंबिवलीला हे घराघरात आहे, आठ वाजताच्या लोकलने येणाऱ्या माणसाला पोर झोपलेलं बघायचं नसतं. त्यावर माझं म्हणणं, पोराचं जेवण सातला वेगळं, आणि बाबांचा वेळ सकाळी सात ते आठ. अंघोळ बाबांनी घालायची, दूध बाबांनी द्यायचं, भाजी आणायला बाबांबरोबर. सकाळी लवकर उठवायचं आहेच ना आपल्याला, ते काम पण त्यांच्याकडे जातं. रात्री नवाला येऊन खोलीचा दिवा लावून माझा बाळ झोपला का असं जोरात विचारणारे बाबा मी ऐकलेत, त्यांना प्रेमाने समजाव.

सासूबाईंचं म्हणणं उडवून लावू नकोस. झोपेत पोर वाढतं हे खरंच आहे, वाढीचं संप्रेरक जास्त करून गाढ झोपेतच सुटतं, फक्त ती गाढ झोप मुख्यतः रात्रीच्या पहिल्या काही तासांतली. म्हणजे दुपारी झोपला नाही म्हणून पोर वाळत नाही, रोज रात्री साडेअकराला झोपलं तर मात्र काळजी करायला हवी. हे त्यांना असं सांग की आई तुमचं बरोबर आहे म्हणूनच रात्रीची झोप लवकर आणायची आहे, आणि दुपारची गोष्ट-गाणं त्यांच्याकडे दे, तुझ्यापेक्षा त्यांच्याजवळ तो लवकर शांत होईल, कारण तू जवळ असताना त्याला तूच पाहिजे असतेस. फक्त एका गोष्टीवर ठाम राहा, झोपेसाठी काही चाटवायचं नाही. जायफळ उगाळून द्यायची पद्धत घराघरात आहे, बाळगुटीत एक-दोन वेढे वेगळे आणि झोपावा म्हणून जास्त उगाळणं वेगळं, जास्त जायफळ विषारी असतं. पूर्वी शेतावर जाणाऱ्या बाया अफूची गोळी द्यायच्या, ती पण झोपच होती. आणि आत्ताचं रूप म्हणजे सर्दीचं औषध, दिलं की शांत झोपतो गं असं सर्रास ऐकते मी. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नका असं आपल्या केंद्राच्या औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरमध्ये बजावलंय, बाटलीवर तसं छापायला सांगितलंय. झोपेसाठी तर कुठलंच नको. दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवणं पण नको, त्याने पुढचे दात किडतात, दूध आधी, मग चूळ, मग गादी.

बालरोगतज्ज्ञांकडे कधी जायचं? रोज रात्री घोरतो, तोंड उघडं टाकून झोपतो, मधेच श्वास अडकल्यासारखा होऊन दचकतो, तर दाखव, अॅडेनॉइड, म्हणजे नाकाच्या मागच्या गाठी, वाढलेल्या असू शकतात, त्या मुलांची रात्रीची झोप पुरी होतच नाही. फिकट दिसतो, माती-खडू-भिंतीचा पोपडा खातो, झोपेत सतत पाय झाडतो, तर रक्त तपासून घे, लोहाची कमतरता आपल्याकडे भरपूर आहे आणि झोपेशी तिचा थेट संबंध आहे. कान ओढत आडवा केल्याबरोबर किंचाळतो तर कान बघायला सांग. बोलायला लागलेले शब्द गेले असतील तर झोपेची वाट न बघता लगेच.

आणि खरंच सुटेल तेव्हा कशी सुटते ते सांगून ठेवते, म्हणजे तीन-साडेतीनला परत घाबरायला नको. एका दिवसात सुटत नाही. आज झोपेल, उद्या नाही, परवा झोपेल, असं दोन-चार महिने चालतं, काहींचं सहा. खूण अशी की दुपारी झोपला त्या दिवशी रात्री दहा-साडेदहापर्यंत जागतो, आणि न झोपलेल्या दिवशी सहा वाजता पण माणसात असतो आणि साडेआठला झोपतो. असं दोन-तीन आठवडे सलग दिसलं की मग तू स्वतःहून दुपारची झोप आधी पाऊण तासावर आण, मग एक दिवसाआड, आणि मग सोड. तापात, प्रवासातून आल्यावर, मे महिन्याच्या उन्हात ती मधेच परत येईल, येऊ दे. ज्युनियर केजीची शाळा सकाळची लागली की पुन्हा काही महिने दुपारी झोपायला लागतात, हे तर दर जूनमधे बघते. आपल्या सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं काढलं ते मुलांच्या झोपेसाठीच, पण घरात रात्री अकराला दिवे चालू असतील तर नऊची शाळा पण लवकरच वाटणार. असो, तो वेगळा विषय आहे.

राहिला तुझा दोन ते चारचा कॉल. याबद्दल कोणी बोलत नाही. तुला त्याच्या झोपेची काळजी आहेच पण तुला ते दोन तास पण पाहिजेत आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही, तेवढ्या वेळात तुझं काम होतं, एक कप चहा गरम प्यायला मिळतो. पण मुलाच्या झोपेवर नोकरीचं वेळापत्रक टांगून ठेवू नकोस, ते ताणलेलं त्याला कळतं, कॉलच्या पाच मिनिटं आधी थोपटणारा हात वेगळा लागतो. ज्या कॉलमध्ये तुला बोलायचं असतं ते सकाळी अकराला किंवा संध्याकाळी बाबा आल्यावर हलवता येतात का बघ, नुसते ऐकायचे ते दुपारी ठेव. सासूबाईंना रोज दुपार जमणार नाही, त्यांनाही पाठ टेकायची असते, तर आठवड्यातले दोन-तीन दिवस सोसायटीतली कॉलेजची मुलगी दोन ते चार बसायला मिळते, पैसे देऊन. किंवा दोन दिवस पाळणाघर, मी माझी जाहिरात करत नाहीये, तुझ्या जवळचं बघ, फक्त जायच्या आधी एकदा दुपारी दीडला न सांगता जाऊन खोली बघ. मुलं झोपली आहेत का ते नको बघूस, न झोपलेल्या मुलांचं काय चाललंय ते बघ, टीव्हीसमोर बसवलीयत, ओरडा खातायत, की कोपऱ्यात पुस्तक चाळत पडलीयत.

सुरुवात या शनिवारी कर, कॉल नसतात आणि बाबा घरी असतात. शनिवारी सात, रविवारी सात, रविवारी दुपारी जावेकडे जेवायला वगैरे या वेळी नाही म्हणून सांग. दुपारी झोपवायच्या वेळा पहिले चार-पाच दिवस एकच्या ऐवजी पाऊण, पण तो सात-सव्वासातला उठला असेल तरच, साडेसात झाले असतील तर एकचीच वेळ ठेव. आणि कागदावर तीन गोष्टी लिहून फ्रिजला लाव, उठला किती वाजता, सहा वाजता कसा होता, रात्री झोपला किती वाजता. दुपारचा रकाना नकोच. दोन आठवड्यांनी तो कागद बघून मला इथेच लिही, मग पुढचं बघू.